घरच्या आठवणींचे जतन
(वर्धा येथे भरलेल्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी आयुष्यभर शाळामास्तर होतो. फळ्यासमोर उभे राहून बोलण्याची सवय असली तरी एवढ्या वडीलधाऱ्या मंडळींसमोर बोलण्याचा अधिकार माझ्याजवळ आहे असे मी मानीत नाही. शिक्षण, हुंडा, व्यवसाय, संघटन या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्तींनी अनेकवार विवेचन केलेले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. म्हणून मी एक साधा, घरगुती विषय आपल्यापुढे मांडणार आहे. आपापल्या घरातील आठवणी आपण जाणत्यांकडून ऐकून, लिहून ठेवल्या पाहिजेत, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

विषयाचा आरंभ मी माझ्याच अंगणातून करतो. देवळी तालुक्यातील आमच्या गावी आमच्या जुन्या घरामागे एक दगडी उखळ अर्धे जमिनीत रुतलेले आहे. वरची लाकडी लाट केव्हाच नाहीशी झाली. पावसाळ्यात त्या उखळात पाणी साचते आणि चिमण्या त्यात पंख भिजवतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत माझा नातू पुण्याहून आला होता. त्याने विचारले, “आबाजी, हे काय आहे?” मी म्हटले, “हा आपला घाणा.” त्याने पुढे विचारले, “हा दगड कुठून आणला? कोणी आणला? बैलाचे नाव काय होते? दिवसाला तेल किती निघायचे?” बैलाचे नाव तेवढे मला सांगता आले, तेही का सांगता आले, ते पुढे येईलच. बाकीच्या तीन प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या उखळावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या, त्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ बैलाच्या एका नावापलीकडे काहीच निघाले नाही, याची मला त्या दिवशी फार लाज वाटली.

बंधूंनो, ही स्थिती माझ्या एकट्याची नसावी. आपल्यापैकी किती जणांना पणजीचे माहेर कोणते, हे सांगता येईल? आपले घराणे या गावी कोणत्या कारणाने आले, हे कितींना ठाऊक आहे? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव सापडते, आजीचे बहुधा सापडत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख मिळते, आणि तीही पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. कागदोपत्री आपले पूर्वज एवढेच उरले आहेत. बाकी सारे म्हाताऱ्या माणसांच्या मुखी आहे, आणि ती माणसे दरवर्षी आपल्यातून उठून जात आहेत.

आपल्या समाजाला तर लिहून ठेवण्याचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. ज्यांची जयंती आपण दरवर्षी ८ डिसेंबरला साजरी करतो, ते संत संताजी जगनाडे महाराज चाकणचे. घाणा चालविणे हा त्यांचा धंदा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. परंतु टाळ धरणाऱ्या अनेकांमध्ये त्यांचे वेगळेपण कोणते? त्यांनी तुकोबांचे अभंग आपल्या हाताने वह्यांत उतरवून घेतले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी जगनाडे यांच्याच वह्यांच्या आधारे तुकोबांची गाथा प्रसिद्ध केली. घाण्याची तेलकट बोटे ज्यांनी लेखणीला लावली आणि दुसऱ्याची वाणी जपून ठेवली, त्यांचे आपण वंशज म्हणवितो. सुदुंबऱ्याला जाऊन त्यांच्या समाधीपुढे मस्तक ठेवतो. मात्र आपल्या स्वतःच्या आजीचे चार शब्द आपण लिहून घेत नाही. हे कितपत शोभते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आपला वर्धा जिल्हा तर लिहिलेल्या शब्दांनी समृद्ध आहे. १९३६ साली गांधीजी सेगावला राहावयास आले आणि १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. तेथील पत्रांचा आणि टिपणांचा किती मोठा संग्रह आज छापून झालेला आहे! इकडे मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांच्या देखरेखीखाली चाले. आपल्या घाण्याविषयीही तेथे प्रयोग झाले. बैलाला ओढण्यास सोपा जावा आणि तेल अधिक निघावे म्हणून झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा केल्या, आणि ‘वर्धा घाणी’ या नावाने तो घाणा दूरवर गेला. त्या प्रयोगांविषयी पुस्तके आहेत. परंतु थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे उठून घाण्याजवळ बसणाऱ्या, उखळातील जवस काठीने हलविणाऱ्या आपल्या आज्यांविषयी कोठे काय लिहिले आहे? त्यांच्या हातांना कोणता वास येई, त्या बैलाशी काय बोलत, कोणते दुःख सांगत, ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ते मिळाले तर आपल्याच घरी मिळेल.

आठवण सांगणारा आणि ती टिपून घेणारा असे दोघे असल्याशिवाय कोणतीही वाणी टिकत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती आज घरोघरी आहेत, कारण तेथे साने गुरुजी होते आणि त्यांनी ती लिहून घेतली. त्या आधीची हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. विनोबांच्या आईला गीता समजावून घ्यावयाची होती. संस्कृत तिला येत नव्हते. मग तूच मराठीत का करीत नाहीस, असे तिने आपल्या मुलाला म्हटले. १९१८ साली ती माउली गेली. मुलाने ते बोलणे मनात ठेवले, आणि पुढे १९३० व १९३१ या सालांत येथेच वर्ध्याला ‘गीताई’ लिहिली. आज गोपुरीला गीताई मंदिरात ते श्लोक शिळांवर कोरलेले आपण पाहतो. त्या शिळांच्या मुळाशी आईचे एक घरगुती बोलणे आहे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचेही तसेच. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्यांना सुचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्तांतील पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई वारल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या कविता महाराष्ट्राला मिळाल्या. घरातल्या माणसांनी तो कागद लिहिला नसता, तर आसोद्याच्या त्या माउलीचे नाव त्यांच्या नातलगांपलीकडे कोणाला कळले असते? प्रत्येक घरात बहिणाबाई नसते, हे मला मान्य आहे. तथापि प्रत्येक घरात एक तरी माणूस असे असते, की जे गेल्यावर त्याच्याबरोबर त्या घराचा अर्धा इतिहास जातो.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु दुसऱ्यांना लिहा म्हणावयाचे आणि स्वतःचे झाकून ठेवावयाचे, हे मास्तराला शोभत नाही.

माझे वडील टपाल खात्यात कारकून होते. आमच्या घाण्याविषयी ते कधीही बोलत नसत. पाहुण्यांनी विषय काढला तर ते उठून बाहेर जात. कोणत्याही अर्जावर वडिलांचा व्यवसाय म्हणून ते ‘शेती’ असे लिहीत. फक्त दिवाळीच्या पाडव्याला गावी गेले, की संध्याकाळी एकटेच मागच्या अंगणात जाऊन त्या उखळावर पणती ठेवीत. तो काही कुळाचार असेल असे मला वाटे. मी तेव्हा नवा नवा शिक्षक झालो होतो. मुलांना श्रमाच्या प्रतिष्ठेवर धडे देत होतो. तारुण्याच्या भरात एके दिवशी मी वडिलांना तोंडावर म्हटले, “बाबा, तुम्हाला आपल्या बापाच्या कष्टांची लाज वाटते.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही. त्यानंतर आमच्यात तो विषय कधीही निघाला नाही. १९८८ साली ते वारले.

पुढे अकरा वर्षांनी, १९९९ च्या हिवाळ्यात, मी हिंगणघाटला माझ्या आत्याबाईंकडे गेलो होतो. त्या वडिलांहून पाच वर्षांनी थोरल्या. अंगणात उन्हाला बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीही शेजारी बसून सोलू लागलो. सहज म्हटले, “आत्याबाई, तुमच्या लहानपणचे काही सांगा ना.” त्या हसल्या. “माह्या जिनगानीत सांगासारखं काय हाये रे बाप्पा? तू शिकलेला मानूस.” मग मी तो प्रश्न सोडून दिला आणि विचारले, “आपल्या घाण्याच्या बैलाचे नाव काय होते?” त्यांचे हात थांबले. “पवळ्या,” त्या म्हणाल्या. आणि मग दुपारपर्यंत त्या बोलत राहिल्या.

त्यांनी सांगितले ते असे. सेगावचे सेवाग्राम झाले त्याच्या आगेमागे, माझे वडील दहा वर्षांचे असताना, गावात एका मोठ्या घरी लग्न होते. हळदीला आणि स्वयंपाकाला लागणारे तेल आमच्याच घाण्याचे. पहाटे आजोबांनी मुलाच्या हाती तेलाचे भांडे देऊन त्याला पाठविले. नेमकी त्याच वेळी नवरदेवाची गाडी वाड्यातून बाहेर पडत होती. तेली आडवा आला म्हणून कोणीतरी ओरडले. अपशकुन झाला म्हणून गाडी मागे फिरविली. मुलाला गोठ्यामागे नेऊन उभे केले, आणि वऱ्हाड वेशीबाहेर पडेपर्यंत त्याने तेथून हलू नये असे बजावले. तेल मात्र मागच्या दाराने आत घेतले.

मुलगा घरी आला. आजोबांनी सारे ऐकून घेतले, एक शब्दही काढला नाही. घाणा चालूच ठेवला. रात्री त्यांनी मुलाला जवळ बसवून सांगितले, की उद्यापासून तू या घाण्यावर बसावयाचे नाही, शाळेत जावयाचे. आत्याबाई म्हणाल्या, “त्याले घाना लय आवडे. पवळ्यामागच्या फळीवर बसून दिवसभर फिरे. बाबानं त्याले फळीवरून उतरवलं तवा पोरगं दोन दिस जेवलं नाही.”

श्रोतेहो, मी शेंगा सोलीत होतो, पण माझे डोळे भरून आले होते. ज्याला मी लाज समजत होतो ती लाज नव्हती. वडिलांना घाणा प्रिय होता आणि त्यांच्या वडिलांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला होता, त्यांच्या भल्यासाठी. ‘शेती’ असे ते का लिहीत, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. कदाचित पुन्हा कोणी आपल्या मुलांना गोठ्यामागे उभे करू नये म्हणून असेल. मात्र पाडव्याच्या पणतीचा अर्थ मला कळला. तो कळला तेव्हा क्षमा मागावयास वडील नव्हते. मी एक प्रश्न वीस वर्षे आधी विचारला असता, तर ते कठोर वाक्य माझ्या तोंडून गेले नसते. म्हणून मी म्हणतो, की घरच्या आठवणी टिपणे हा म्हातारपणचा विरंगुळा नव्हे. आपल्याच माणसांविषयी आपण केलेला अन्याय दूर करण्याचा कित्येकदा तो एकच मार्ग असतो.

आता हे करावे कसे, यासंबंधी अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की ‘तुमचे आयुष्य सांगा’ असे कोणालाही विचारू नये. एवढ्या मोठ्या प्रश्नाने माणूस बिचकतो आणि सांगण्यासारखे काही नाही असे म्हणतो. लहान प्रश्न विचारावा. सकाळी जाग कोणत्या आवाजाने येई? पंगतीत कोण कोठे बसे? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी कोणी करून दिला? तिळाची गरम ढेप गुळाबरोबर खाल्ली होती का? एखादी जुनी वस्तू हाती द्यावी. तेल मोजण्याची पळी असेल, पितळेचा गडवा असेल. वस्तू हाती आली की आठवण आपोआप चालत येते. आणि हात कामात असताना विचारावे. वाती वळताना, धान्य निवडताना, शेंगा सोलताना जीभ मोकळी होते. समोर वही उघडून बसलेल्या माणसापुढे ती अडखळते.

दुसरी गोष्ट, सांगणाऱ्याची भाषा बदलू नये. मी शाळामास्तर, शुद्धलेखनाची मला सवय. आत्याबाईंचे बोलणे मी प्रथम ग्रांथिक भाषेत लिहून काढले. वाचून पाहिले तेव्हा त्यात आत्याबाई कोठेच नव्हत्या. मग ते फाडून, त्यांच्याच ‘मले’, ‘तुले’सकट पुन्हा लिहिले. आपल्या वऱ्हाडी बोलीला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या बोलीत आजीने आपल्याला घास भरविला, त्याच बोलीत तिची आठवण राहावी.

तिसरी गोष्ट, वर्षांचा हिशेब जुळवून घ्यावा. आपल्या जुन्या माणसांना सन ठाऊक नसतो. ती प्रसंगावरून काळ सांगतात. ‘मानमोडीच्या साली’ असे आजीच्या तोंडून ऐकल्याचे कोणी सांगितले, तर ती १९१८ ची साथ समजावी. ‘आष्टीला गोळीबार झाला तेव्हा’ म्हटले, तर तो ऑगस्ट १९४२. अशा खुणा समासात लिहून ठेवल्या, की घरची गोष्ट देशाच्या गोष्टीला जोडली जाते.

चौथी गोष्ट सत्याची. आपले सारेच पूर्वज थोर होते असे लिहू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल, की त्या माउलीने पतीच्या लहरी झाकल्या नाहीत आणि स्वतःच्या फजित्याही झाकल्या नाहीत. म्हणूनच ते पुस्तक खरे वाटते. भाऊबंदकी झाली असेल, सुनेला जाच झाला असेल, कर्जापायी शेत गेले असेल, तर तेही घरचेच आहे. दोन भावांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला, तर दोन्ही लिहावे आणि कोणी काय सांगितले ते नोंदवावे. मात्र सांगणाऱ्याने ‘हे लिहू नको’ म्हटले, तर लिहू नये. आत्याबाईंनी मला एक गोष्ट सांगून ती न लिहिण्याचे वचन घेतले आहे. ती माझ्याबरोबरच जाईल.

आजच्या तरुण मंडळींजवळ मोबाईल आहे. आवाज साठवून ठेवणे आता फार सोपे झाले आहे, आणि ते अवश्य करावे. आजीचा आवाज नातवाच्या मुलाला ऐकता येईल ही केवढी भाग्याची गोष्ट! परंतु साठवून ठेवलेला आवाज कोणी पुन्हा ऐकलाच नाही, तर किल्ली हरवलेल्या पेटीसारखी त्याची गत होते. यंत्र बदलले की तेही जाते. म्हणून तो ऐकून वहीत उतरवावा आणि वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती वाचावी. अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. त्या दिवशी सर्वांनी जेवणापूर्वी एकत्र बसून त्या वहीतील एक पान वाचले, तर पितरांचे स्मरण अधिक खरे होईल असे मला वाटते.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक नम्र विनंती. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, विवाहेच्छू मुलामुलींची माहिती असते. हे सर्व आवश्यकच आहे. त्याबरोबर पुढील वर्षापासून काही पाने ‘घरची आठवण’ या नावाने राखून ठेवावीत. प्रत्येक कुटुंबाने एकच पान द्यावे, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीने सांगितलेले आणि सर्वांत लहान लिहिणाऱ्या मुलाने लिहिलेले. दहा वर्षांत आपल्या समाजाचा असा इतिहास तयार होईल, जो बाहेरचा कोणी विद्वान आपल्याला लिहून देऊ शकणार नाही.

माझ्या नातवाने आरंभ केलेला आहे. गेल्या पाडव्याला त्या उखळावर पणती ठेवताना मी त्याला वरील सारी हकीकत सांगितली. त्याने ती आपल्या वहीत लिहून घेतली. दगड कोठून आला आणि दिवसाला तेल किती निघे, त्यापुढे त्याने जागा कोरी सोडली आहे. आपल्या गावाकडील कोणा वृद्धाला ते ठाऊक असेल, तर त्यांनी मेळावा संपल्यावर मला अवश्य भेटावे. मी वही घेऊनच आलो आहे.